डबल बेल : मोटारीच्या बोलण्याचा एक इतिहास

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येडशीचा घाट चढून बालाघाटाच्या पठारावर येतो आणि पुढे बीडच्या वाटेवर, मांजरसुंब्याच्या अलीकडे, चौसाळा लागते. हा रस्ता पूर्वी २११ क्रमांकाचा होता, आता ५२ क्रमांकाचा आहे. बीड शहराला रेल्वे मिळण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. त्यामुळे या परिसरातील माणसाच्या जगण्यात मोटार ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. शिक्षण, बाजार, दवाखाना, ऊसतोडीचे स्थलांतर, लग्नाचे वऱ्हाड, सारे काही रस्त्यावरूनच गेले आणि रस्त्यावरूनच परत आले. मोटार कशी बोलते, कोणाशी बोलते आणि तिचे बोलणे ऐकण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास अशा गावाच्या थांब्यावर उभे राहून पाहणे मला म्हणूनच अधिक योग्य वाटते.

चौसाळ्याच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना वाहकाच्या डोक्यावरून, छताला लागून, पुढपर्यंत गेलेली ती दोरी आठवत असेल. दोरीच्या एका टोकाला वाहकाचा हात आणि दुसऱ्या टोकाला, चालकाच्या कानाशी, पितळी घंटा. एक टोला म्हणजे थांबा आणि दोन टोले म्हणजे चला. यालाच ‘डबल बेल’ म्हणत. गाडी निघाल्यावर धावत येणारी म्हातारी दिसली, तर खिडकीतले प्रवासी ओरडत, मागचा एखादा पोरगा स्वतःच दोरी ओढी आणि गाडी थांबे. संदेशवहनाच्या दृष्टीने पाहिले तर ही अत्यंत परिपूर्ण व्यवस्था होती. तिच्यात एकच वाहिनी, दोनच चिन्हे आणि सर्वांना ठाऊक असलेला संकेत होता. घंटा वाजली की ती चालकालाच नव्हे, अख्ख्या गाडीला ऐकू येई. कोणी वाजवली आणि का वाजवली, हे सर्वांच्या समोर असे.

महाराष्ट्रातल्या एस.टी.चा इतिहास १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून सांगितला जातो. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात रेल्वे खात्याच्या अखत्यारीत १९३२ मध्येच अवघ्या २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली होती. त्याच १९४८ साली, एस.टी.ची पहिली गाडी सुटल्यानंतर महिन्याभराने, अमेरिकेत क्लॉड शॅनन या गणितज्ञाच्या संदेशवहनाच्या सिद्धान्तावरील विख्यात निबंधाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. संदेश पाठवणारा, वाहिनी, संकेत, गोंगाट आणि संदेश घेणारा ही त्याची मांडणी पुढे रोमान याकबसनच्या द्वारे भाषाविज्ञानात आणि तिथून आपल्या साहित्यसमीक्षेच्या वर्गात आली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, हे उघडच आहे. पण वाहकाची दोरी आणि शॅननची आकृती समोरासमोर ठेवली की एकीने दुसरी समजते, एवढा लाभ निश्चित होतो.

‘बस’ या शब्दाची कुळकथाही येथे ध्यानात घ्यावी लागेल. हा शब्द लॅटिनमधील ‘ऑम्निबस’ या रूपाचे शेपूट आहे. ते चतुर्थीचे अनेकवचन आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सर्वांसाठी धावणाऱ्या घोडागाडीला हे नाव पडले आणि पुढे केवळ विभक्तिप्रत्यय तेवढा उरून त्याचाच स्वतंत्र शब्द झाला. विजेच्या कारखान्यात ज्या जाड पट्टीवरून अनेक जोडण्या वीज घेतात, तिलाही याच शब्दावरून ‘बसबार’ म्हणू लागले. संगणकाच्या आत अनेक घटकांनी मिळून वापरावयाच्या समाईक वाहिनीला ‘बस’ हे नाव मिळाले ते याच वाटेने. आजच्या मोटारीच्या पोटात जी वाहिनी आहे, तिचेही नाव ‘कॅन बस’ असे आहे. म्हणजे एस.टी. बस आणि ही बस शब्दाच्या नात्याने सख्ख्या बहिणी आहेत. या लेखाचा मूळ प्रश्नही त्या शब्दातच दडलेला आहे. ‘सर्वांसाठी’ म्हणजे नेमके कोणासाठी?

एक काळ असा होता की मोटारीचे बोलणे म्हणजे तिचा आवाज, वास, कंप आणि उष्णता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. याच कारखान्यातली फियाट पुढे ‘पद्मिनी’ नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. या गाडीत इंधन आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करी. ठिणगीची वेळ यांत्रिक रीतीने ठरे. दिव्याचे बटण आणि दिवा यांच्यामध्ये एक तार असे आणि त्या तारेला दुसरे काम नसे. गाडीतील एका अवयवाला दुसऱ्या अवयवाची खबर कळण्याचा मार्ग म्हणजे दांडा, साखळी, दाब आणि तार. बोलणारे सारे अवयव एकाच देहाचे होते, पण त्यांच्यात भाषा नव्हती, स्पर्श होता.

अशा गाडीचा मिस्त्री हा प्रथमतः उत्तम श्रोता असे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावणारा मिस्त्री आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डॉक्टरच्या नळीचे काम तो त्या पोलादी कांबीकडून करून घेई. ‘टॅपेट वाजतंय’, ‘बेअरिंग रडतंय’, ‘गाडी मिसिंग मारतेय’ असे त्याचे निदान असे. यांतील क्रियापदे पाहावीत. वाजणे, रडणे, मारणे ही सजीवांची क्रियापदे आहेत. हे ज्ञान पुस्तकातले नव्हते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे, कानाने कानाला दिले जाई. मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी गॅरेजकडे फारसे पाहिले नाही, ही आपल्या अभ्यासातील एक उणीवच म्हणावी लागेल.

१९७० नंतरच्या दोन दशकांत पाश्चात्त्य देशांत मोटारीच्या आत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक येऊ लागले. इंजिनासाठी एक, चाके न अडकता ब्रेक लागावा यासाठी दुसरा, गिअरसाठी तिसरा. प्रत्येकाला दुसऱ्याकडची काही माहिती हवी असे. चाकाचा वेग ब्रेकच्या नियंत्रकाला हवा, तसाच तो गिअरच्या नियंत्रकालाही हवा. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र तार टाकायची म्हटले तर तारांची संख्या घटकांच्या संख्येपेक्षा फार वेगाने वाढते. चार घटकांना परस्परांशी जोडण्यास सहा तारा लागतात, दहा घटकांना पंचेचाळीस आणि वीस घटकांना एकशे नव्वद. वजन, खर्च आणि बिघाडाच्या जागा त्याच प्रमाणात वाढत गेल्या.

जर्मनीतील बॉश कंपनीत १९८३ मध्ये या प्रश्नावर काम सुरू झाले. याच बॉशच्या भारतीय शाखेचा, म्हणजे त्या काळच्या ‘मायको’चा, नाशिकमधील कारखाना डिझेल इंजिनाच्या नोझलसाठी आपल्याकडे परिचित आहे. उवे किएन्के यांच्या नेतृत्वाखालील गटाने फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे अभियंत्यांच्या परिषदेत ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ म्हणजे ‘कॅन’ ही पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी लागणाऱ्या चिप्स तयार झाल्या, १९९१ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास गाडीत ती आली आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले.

या पद्धतीची रचना साहित्याच्या विद्यार्थ्यानेही समजून घ्यावी अशी आहे. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा गाडीभर फिरतात आणि सर्व नियंत्रक त्यांनाच जोडलेले असतात. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्टचा दाब असतो. कोणी बोलू लागला की एक तार साडेतीनकडे चढते आणि दुसरी दीडकडे उतरते. अर्थ असतो तो या दोहोंमधील फरकात. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच आदळतो, त्यामुळे त्यांच्यातील फरक अबाधित राहतो. भाषेत अर्थ भेदातून निर्माण होतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण वर्गात शिकवतो. येथे तेच प्रतिपादन तांब्याच्या तारेत अवतरलेले दिसते.

दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. कॅनवरील संदेशावर पत्ता नसतो. तो कोणासाठी आहे हे लिहिलेले नसते आणि कोणी पाठवला हेही लिहिलेले नसते. ‘हा इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा आहे’ इतकेच त्याच्या आरंभीच्या ओळखक्रमांकावरून कळते. मूळ पद्धतीत हा क्रमांक अकरा बिटांचा असतो आणि त्यामागून येणारा मजकूर फार तर आठ बाइटचा. संदेश सर्वांना ऐकू जातो आणि ज्याला त्याचा उपयोग असेल तो घेतो. लोकवाङ्मयाप्रमाणे तो निनावी असतो. जात्यावरची ओवी जिला आपली वाटेल तिची असते, तसेच हे.

दोघे एकाच वेळी बोलू लागले तर काय? सभेत असे झाले की गोंधळ होतो आणि दोघांचेही ऐकू येत नाही. कॅनमध्ये ० हे चिन्ह प्रबळ आणि १ हे दुर्बळ मानलेले आहे. दोघांनी एकाच क्षणी वेगवेगळी चिन्हे उच्चारली तर तारेवर ० उमटते. प्रत्येक नियंत्रक बोलता बोलता ऐकतही असतो. मी १ म्हटले आणि ऐकू मात्र ० आले, याचा अर्थ माझ्याहून महत्त्वाचा संदेश चालू आहे, हे त्याला कळते आणि तो तिथेच थांबतो. ज्याचा ओळखक्रमांक लहान, त्याचे म्हणणे पुढे जाते. त्याचा संदेश अर्धवट तुटत नाही, पुन्हा आरंभापासून बोलावे लागत नाही. गप्प राहिलेला नंतर आपली पाळी घेतो. ज्याच्या बोलण्यात वारंवार चुका होतात तो घटक आपल्याच चुका मोजतो आणि मर्यादा ओलांडली की स्वतःहून संभाषणातून बाहेर पडतो. आपल्या अनेक साहित्यिक सभांना हा शिष्टाचार अद्याप साधलेला नाही!

भारतात ही भाषा आली ती चैनीच्या वाटेने थोडी आणि कायद्याच्या वाटेने अधिक. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझने टेल्कोच्या भागीदारीत पुण्यात पाय ठेवला. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि २००२ मध्ये नाशिकहून महिंद्रांची स्कॉर्पिओ. पण सर्वसामान्य गाडीच्या पोटात संगणक बसवला तो प्रामुख्याने धुराविषयीच्या नियमांनी. २००० सालापासून देशभर प्रदूषणाची नवी मानके लागू झाली आणि कार्बोरेटरचा काळ संपत आला. मोजूनमापून इंधन सोडायचे तर हवा, तापमान आणि प्राणवायू यांची क्षणोक्षणीची खबर हवी. ती घेणारे संवेदक आले आणि त्यांचे ऐकणारा नियंत्रक आला. पुढे २०१० पासून भारत स्टेज ४ च्या गाड्यांत आणि २०१३ पासून अधिक कडक स्वरूपात ‘ओबीडी’ म्हणजे गाडीने स्वतःचे निदान स्वतः करण्याची व्यवस्था बंधनकारक झाली. अमेरिकेत तिचे प्रगत रूप १९९६ सालच्या गाड्यांपासून सक्तीचे होते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ ची मानके आली. या सर्व चाचण्यांच्या व्यवहारात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेचा वाटा मोठा आहे. त्या संस्थेवरून पुणेकर जिला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, त्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

ओबीडीमुळे स्टिअरिंगच्या खाली सोळा छिद्रांची एक खाच आली. यंत्र जोडले की गाडी आपले दुखणे सांकेतिक शब्दांत सांगते. या शब्दांचे व्याकरण सोपे आहे. पहिले अक्षर अंगाचे नाव सांगते. पी म्हणजे इंजिन आणि गिअर, सी म्हणजे चाके, ब्रेक इत्यादी चालीचा भाग, बी म्हणजे सांगाडा आणि यू म्हणजे घटकांमधील संभाषण. ‘यू ०१००’ या संकेताचा अर्थ, इंजिनाच्या नियंत्रकाशी संवाद तुटला. त्यानंतरचा अंक मात्र या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. तो ० असेल तर तो शब्द सर्व कंपन्यांना समान असतो आणि १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, खासगी शब्द असतो. शून्य म्हणजे ऑम्निबस, एक म्हणजे ज्याची त्याची बंद वही.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या मोटारीतून सोलापूरहून बीडकडे येत होतो. चौसाळा जवळ आले आणि समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पण थांबवली की थरथरत होती. रस्त्याकडेच्या एका गॅरेजवर आम्ही ती उभी केली. मिस्त्री पन्नाशीचे होते. त्यांनी ड्रॉवरमधून काड्यापेटीएवढे यंत्र काढले, खाचेत बसवले आणि मोबाईलवर संकेत वाचला : ‘पी ०१७१’. म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. माझे सहकारी म्हणाले, “मग सेन्सर बदला की.” मिस्त्री हसले. “सर, ह्यो नंबर आजार सांगतोय, कारण सांगत न्हाई. ते आपल्यालाच हुडकावं लागतं.” त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि काही क्षण नुसते उभे राहिले. मग वाकून एका रबरी नळीवर अंगठा दाबला. थरथर थांबली. नळीला मागच्या बाजूने भेग पडली होती आणि तिच्यातून फसफसत जादा हवा आत जात होती. आम्हा दोघांनाही तो आवाज तोवर ऐकू आला नव्हता.

काव्यशास्त्र शिकवताना अभिधा, लक्षणा आणि व्यंजना यांची उदाहरणे मी बरीच शोधत असतो. त्या दिवशी एक उदाहरण आपण होऊन समोर आले. यंत्राला अभिधा येते. ‘हवा जास्त आहे’ हे विधान त्याने अचूक केले. परंतु ही हवा संवेदकाच्या चुकीमुळे जास्त भासते आहे, पंप दुबळा झाल्यामुळे इंधनच कमी पडते आहे, की नळीच्या भेगेतून हवा खरोखर शिरते आहे, हा अर्थ संहितेत नव्हता. तो वाचकाने, म्हणजे मिस्त्रीने, आपल्या अनुभवाच्या संस्कारातून काढला. संकेताचे वाचन आणि संहितेचे आकलन यांतील अंतर मी पुस्तकांतून इतके स्वच्छ क्वचितच दाखवू शकलो असेन.

निघताना त्यांनी जे सांगितले ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. नव्या गाड्यांतील पुष्कळसे संकेत त्यांच्या यंत्राला वाचता येत नाहीत. ब्रेकच्या नियंत्रकाचे किंवा किल्लीच्या ओळखीचे काम आले की गाडी मोठ्या शहरात पाठवावी लागते. “कान हाये सर, पर भाषा त्येंनी कुलपात ठिवली,” असे ते म्हणाले. तीस वर्षे ज्याने गाडीचे बोलणे ऐकले, त्याला आपल्याच व्यवसायात निरक्षर ठरवले जाण्याची ही वेदना आहे. साक्षरता म्हणजे अक्षरओळख असे आपण मानतो. पण अक्षरे कोणाला शिकू द्यायची हे जेव्हा दुसराच कोणी ठरवतो, तेव्हा निरक्षरता हा माणसाचा दोष उरत नाही. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हा प्रश्न न्यायासनापुढेही गेला आहे. एका ग्राहकाच्या २०११ मधील तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे अपिलात आणि न्यायालयांत दीर्घकाळ चालले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. मोटारी हे त्यातील एक क्षेत्र आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये यासंबंधी कायदा केला होता. पण गाड्या खाचेऐवजी बिनतारी मार्गाने थेट कंपनीशी बोलू लागल्यावर तो अपुरा पडला आणि २०२० मध्ये तेथील मतदारांनी तो मतदानाने विस्तारला. भाषा बदलली की हक्काचे शब्दही बदलावे लागतात, हा त्याचा अर्थ.

आतापर्यंत मोटारीच्या आतले बोलणे पाहिले. बाहेरच्या जगाशी तिचे बोलणे हा स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याचा आरंभ भोंग्यापासून होतो. मालमोटारीच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे पाहत आपण मोठे झालो. त्या अक्षरांचा उगम काहीही असो, आशय स्पष्ट होता : मी मोठा आहे, मला मागचे दिसत नाही, तू आवाज दे. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ही अक्षरे लिहिण्यास बंदी केली. विनाकारण भोंगे वाजवण्यास ती उत्तेजन देतात, हे कारण होते आणि ते गैर नव्हते. तरीही भोंग्याला एक व्यंजना होती. एक हलका स्वर म्हणजे ‘येतोय’, दीर्घ स्वर म्हणजे ‘सर’, आणि घाटात समोरून येणाऱ्या ओळखीच्या गाडीला दिलेले दोन तुटक स्वर म्हणजे निव्वळ ‘काय, बरं आहे ना?’ याकबसनने संपर्क राखण्याचे जे भाषिक कार्य सांगितले, त्याचे याहून सुंदर उदाहरण शोधून सापडणार नाही.

आज गाडी न वाजता बोलते. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरच्या त्या चिठ्ठीत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राच्या लहरींतूनच ती क्षणभर ऊर्जा घेते आणि त्याच लहरी परतवून आपला क्रमांक सांगते. विचारल्याशिवाय ती बोलत नाही, पण विचारल्यावर गप्पही बसू शकत नाही. टायरमधील हवेचा दाब सांगणारे संवेदक चाकातून बिनतारी बोलतात. किल्ली खिशातून बोलते. आणि २०१९ नंतर आपल्याकडे वाढत गेलेल्या ‘कनेक्टेड’ गाड्या आपल्या पोटातील सिमकार्डावरून कंपनीच्या संगणकाशी बोलत असतात. कोठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात दाबला, हे सारे त्यात येऊ शकते. मालक झोपलेला असतानाही हे संभाषण चालू असू शकते.

यात धोका कोठे आहे, हे जुलै २०१५ मध्ये जगाला कळले. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन अमेरिकी संशोधकांनी हमरस्त्यावर धावणाऱ्या जीप चेरोकी गाडीचा ताबा घरबसल्या, मोबाईलच्या जाळ्यातून घेऊन दाखवला. गाडीत बसलेल्या पत्रकाराला त्याची कल्पना देऊनच हा प्रयोग केला होता, तरी इंजिनाची ओढ तुटून गाडी मंदावल्यावर त्याची त्रेधा उडाली. त्यानंतर कंपनीने सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. या दुबळेपणाचे मूळ वर सांगितलेल्या निनावीपणात आहे. १९८६ ची ती पद्धत एका बंद घरासाठी रचली होती. घरातला प्रत्येक आवाज घरच्याचाच, असे तिने गृहीत धरले होते. म्हणून कोण बोलले हे विचारण्याची सोय तिच्यात नव्हती. घराला बाहेरचे दार फुटले आणि तो विश्वास भाबडेपणा ठरला. चावडीवर सर्वांनी सर्वांचे ऐकणे ठीक असते, पण चावडीला दूरध्वनी जोडला आणि पलीकडून कोणीही गावकऱ्याच्या आवाजात बोलू लागला, तर निनावी संदेशाची किंमत बदलते. अलीकडच्या गाड्यांत म्हणूनच आतल्या आणि बाहेरच्या जाळ्यांमध्ये पहारेकरी बसवले जातात आणि संदेशांवर सहीसारख्या खुणा घालण्याची पद्धत रूढ होत आहे.

आता पुन्हा घंटेकडे यावे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यानंतर सार्वजनिक वाहनांत स्थान सांगणारे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाचे बटण असावे ही मागणी पुढे आली. एआरएआयच्या मार्फत त्याचे मानक निघाले. ते ‘एआयएस १४०’ या नावाने ओळखले जाते. २०१६ च्या अधिसूचनेनंतर मुदत वाढत वाढत १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते लागू झाले. ते तांबडे बटण म्हणजे जुन्या दोरीचा नवा अवतार होय. मात्र दोहोंत एक भेद आहे. दोरी ओढली की चालक ऐके, वाहक ऐके, पन्नास प्रवासी ऐकत. बटण दाबले की संदेश उपग्रहाकडून स्थान घेऊन, मोबाईलच्या मनोऱ्यावरून, दूरच्या नियंत्रण कक्षात जातो. शेजारच्या आसनावरील माणसाला तो ऐकू येत नाही. कित्येकदा तसा तो येऊ नये यातच तिची सुरक्षितता असते, हेही खरे. पण मग सारा भार त्या दूरच्या कानावर येतो. तिथे माणूस जागा आहे का, त्याला चौसाळा कोठे आहे हे कळते का, तो कोणाला फोन करील, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही मानकाच्या तांत्रिक भागात मावत नाहीत.

संदेशवहनाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो : दोरीपासून तारेपर्यंत, तारेपासून लहरीपर्यंत. मला तो श्रोत्यांचा इतिहास म्हणून वाचावासा वाटतो. घंटेचे श्रोते सारे प्रवासी होते. इंजिनाचा श्रोता मिस्त्री होता. कॅनच्या तारेवरही सर्व अवयव सर्वांचे ऐकतात. गाडीच्या आतले हे औदार्य तिच्या बाहेर मात्र पोचलेले नाही. गाडी जिच्या कर्जाचे हप्ते मालक भरतो, तिचे बोलणे त्याला कळत नाही, त्याच्या मिस्त्रीला कळत नाही, आणि शेकडो कोसांवरील कंपनीला मात्र कळते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु गाडीने सांगितलेली गोष्ट कोणाची, हा प्रश्न आपल्या समाजात अजून नीट उच्चारलाही गेलेला नाही. तो उच्चारण्याचे काम अभियंत्यांवर सोपवून भागणार नाही. संहिता कोणाची, अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हे तर आपल्या शास्त्राचे मूळ प्रश्न आहेत.

चौसाळ्याच्या त्या मिस्त्रींनी नळीचा तुकडा बदलला आणि यंत्राने दिवा विझवला. पैसे दिल्यावर त्यांनी इंजिन पुन्हा एकदा सुरू करायला लावले. मोबाईल खिशात होता. ते डोळे मिटून थोडा वेळ ऐकत राहिले, मग बॉनेट लावले आणि त्याच्यावर हाताने दोनदा थाप मारली. आम्ही निघालो.